एका राज्याच्या दोन चुली

(पातळी ५ : माहितीपर वाचन)

वाचण्यापूर्वी
तुमच्या गावाकडे एखाद्या एकत्र कुटुंबाची वाटणी झाली आहे का? आजी-आजोबांना फोन करून विचारा : वाटणीत सगळ्यात जास्त वाद कशावरून झाला? जमिनीवरून, पैशांवरून, की आणखी कशावरून?

मुलांनो, 'ब्रेक्झिट' हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. ब्रिटन हा देश युरोपीय संघातून बाहेर पडला, त्या घटनेला पडलेलं हे नाव. देश संघातून बाहेर का पडतात? बाहेर पडल्यावर काय होतं? हे समजून घ्यायला लगेच लंडनला जायची गरज नाही. आपण सूरमध्ये राहतो. अशीच एक मोठी फारकत आपल्या समोरच्या समुद्रात झाली, आणि तिच्या कागदपत्रांचा प्रवास मुंबईमार्गे झाला. आज आपण तीच गोष्ट वाचणार आहोत. ब्रेक्झिटकडे शेवटी येऊ.

आधी एक व्याख्या. एकत्र येऊन कारभार करणाऱ्या देशांच्या किंवा प्रदेशांच्या गटाला राजकीय संघ म्हणतात. असा गट दोन प्रकारे तयार होतो. कधी देश आपणहून करार करतात आणि एकत्र येतात. युरोपीय संघ हा असा संघ आहे. कधी अनेक प्रदेशांवर एकच राजा राज्य करतो, म्हणून ते एकत्र असतात. ओमान आणि झांझिबार असे एकत्र होते. पहिल्या प्रकारात सगळ्यांना एकत्र ठेवतो तो करार, आणि दुसऱ्या प्रकारात राजा. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

समुद्राच्या दोन काठांचं राज्य

नकाशा उघडा. मस्कतपासून खाली, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे बोट न्या. टांझानियाच्या जवळ एक छोटं बेट दिसेल. ते झांझिबार. मस्कतपासून ते सरळ रेषेत जवळपास ४,००० किलोमीटर दूर आहे.

ओमानी लोकांनी १६९८ साली मोंबासाचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. तेव्हापासून त्या किनाऱ्यावर त्यांचा जम बसत गेला. एकोणिसाव्या शतकात सय्यद सईद बिन सुलतान यांनी जवळपास पन्नास वर्षं राज्य केलं. त्यांना झांझिबार इतकं आवडलं की त्यांनी आपला दरबारच तिकडे हलवला. १८४० पर्यंत मस्कतऐवजी झांझिबार ही राज्याची मुख्य जागा झाली होती. तिथे त्यांनी लवंगांच्या बागा वाढवल्या. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेसाठी ओळखलं जाणारं बेट, ते हे.

हे राज्य चालत होतं ते वाऱ्यावर. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा वाहतो. तेव्हा सूरची गलबतं खजूर आणि खारवलेले मासे भरून आफ्रिकेकडे निघायची. परत यायचं तर नैऋत्येचा वारा सुटेपर्यंत तिकडेच मुक्काम. हाच वारा पुढे आपल्या कोकणात पाऊस घेऊन येतो. येताना गलबतांत लवंग, हस्तिदंत आणि घरांच्या छपरासाठी लागणारे खारफुटीचे वासे असायचे. सूरमध्ये 'फतह अल खैर' नावाचं जुनं जहाज जतन करून ठेवलं आहे, ते तुम्ही पाहिलं असेल. ते १९५१ साली सूरमध्येच बांधलेलं आहे. साधारण अशाच जहाजांनी हे दोन किनारे जोडलेले होते.

एक गोष्ट इथे लपवून चालणार नाही. या जहाजांतून माणसंही विकायला नेली जायची. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांना गुलाम म्हणून विकत. लवंगांच्या बागांतली मेहनत त्यांचीच होती. झांझिबारच्या श्रीमंतीबद्दल वाचताना हे विसरू नका.

चूल वेगळी का झाली?

१९ ऑक्टोबर १८५६ रोजी, मस्कतहून झांझिबारला जात असताना, सय्यद सईद जहाजावरच वारले. दोन किनाऱ्यांना जोडणारा माणूस दोन किनाऱ्यांच्या मध्ये, समुद्रातच गेला. पाच वर्षांत राज्याचे दोन तुकडे झाले. त्यामागे चार कारणं होती.

पहिलं कारण : वारसाचा नियम स्पष्ट नव्हता. थोरल्या मुलालाच गादी मिळेल, असा पक्का नियम ओमानात नव्हता. सय्यद सईद यांनी १८४४ साली ब्रिटिश सरकारला पत्र पाठवून कळवलं होतं की, आफ्रिकेचा भाग खालिद या मुलाकडे आणि मस्कतचा भाग थुवैनी या मुलाकडे जाईल. पण खालिद १८५४ साली, वडिलांच्या आधीच वारले. मग झांझिबारचा कारभार माजिद या मुलाकडे आला. वडील गेल्यावर प्रश्न उभा राहिला : माजिद हे स्वतंत्र राजे, की मस्कतच्या हाताखालचे कारभारी?

दुसरं कारण : उत्पन्न सारखं नव्हतं. लवंग, हस्तिदंत आणि बंदरावरची जकात यांमुळे झांझिबारची तिजोरी भरलेली होती. जकात गोळा करण्याचा मक्ता बरीच वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. मस्कतकडे जुनं नाव होतं, पण पैसा कमी. श्रीमंत भावाला वाटतं, मी का देऊ? गरीब भावाला वाटतं, मीही त्याच बापाचा मुलगा ना?

तिसरं कारण : अंतर. वर्षातून एकदा वारा जातो आणि एकदा येतो. अशा वेळी मस्कतहून झांझिबारचा रोजचा कारभार बघणं कठीणच. सय्यद सईद स्वतः दोन्हीकडे जा-ये करत, म्हणून ते जमलं. ते गेल्यावर जा-ये करणारं कुणी उरलं नाही.

चौथं कारण : शेजारी एक तिसरा बलवान होता. ब्रिटिशांचं भारतात राज्य होतं. मुंबईहून निघणाऱ्या त्यांच्या जहाजांना हा समुद्र शांत हवा होता, आणि फ्रेंचांनी इथे पाय रोवू नये असंही त्यांना वाटत होतं.

रास अल हद्दला अडवलेलं आरमार

सुरुवातीला भावांमध्ये एक तडजोड झाली. माजिद यांनी दरवर्षी ४०,००० थेलर मस्कतला द्यायचे. थेलर म्हणजे मारिया थेरेसा या राणीचं चित्र असलेलं ऑस्ट्रियाचं चांदीचं नाणं. मत्राच्या सूकमध्ये ते आजही विकायला असतं. एक नाणं सुमारे २८ ग्रॅमचं. म्हणजे ४०,००० नाण्यांचं वजन किती होईल? गुणाकार करून बघा. एक टनापेक्षा जास्त!

पण ही तडजोड काय आहे, यावर दोघांचं एकमत नव्हतं. थुवैनी म्हणत, ही खंडणी आहे. ती देतो म्हणजे माजिद माझ्या हाताखालचा. माजिद म्हणत, मी भाऊ म्हणून मदत करतो आहे. हे पैसे येणं बंद झालं, तेव्हा १८५९ साली थुवैनी आरमार घेऊन झांझिबारकडे निघाले. ब्रिटिशांच्या जहाजाने त्यांना कुठे गाठलं, माहीत आहे? रास अल हद्दजवळ! आपण कासवं बघायला रास अल जिन्झला जातो ना, त्याच्याच शेजारी. लढाई करू नका, हा वाद भारताच्या गव्हर्नर जनरलकडे सोपवा, असं त्यांना सांगण्यात आलं. थुवैनी मागे फिरले.

त्याच वर्षी झांझिबारमध्येही गडबड झाली. बरगश नावाच्या आणखी एका भावाने माजिद यांच्याविरुद्ध बंड केलं. त्यांची एक बहीण, सलमा, गुपचूप लिहायला शिकली होती. बंडाच्या वेळी ती भावासाठी पत्रं लिहायची. बंड फसलं आणि ब्रिटिशांनी बरगश यांना पाठवून दिलं ते आपल्या मुंबईला. सुमारे दोन वर्षं ते तिथे राहिले. पुढे १८७० साली माजिद वारल्यावर हेच बरगश झांझिबारचे सुलतान झाले. त्यांनी शहरात नळाचं पाणी आणलं आणि १८८३ साली 'बेत अल अजायब', म्हणजे नवलाईचं घर, नावाचा मोठा राजवाडा बांधला.

निवाडा : २ एप्रिल १८६१

मुंबई सरकारने चौकशीचं काम ब्रिगेडिअर कॉगलन या अधिकाऱ्याकडे दिलं. ते तेव्हा एडनला नेमणुकीवर होते. १८६० साली ते मस्कतला आणि झांझिबारला गेले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि अहवाल पाठवला. तो वाचून गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी २ एप्रिल १८६१ रोजी निवाडा दिला. त्यात मुख्य गोष्टी अशा होत्या :

* झांझिबार आणि आफ्रिकेतला मुलूख माजिद यांचा. मस्कत आणि ओमान थुवैनी यांचं.
* झांझिबारने मस्कतला दरवर्षी ४०,००० थेलर द्यायचे. थकलेल्या दोन वर्षांचे ८०,००० वेगळे.
* ही रक्कम खंडणी नाही. झांझिबार मस्कतच्या ताब्यात आहे, असा तिचा अर्थ लावायचा नाही.
* ही रक्कम फक्त या दोन भावांपुरती नाही. त्यांच्या नंतरच्या राजांनाही ती लागू राहील.

तिसरा मुद्दा पुन्हा वाचा. तेच पैसे, तेवढेच पैसे. पण 'खंडणी' म्हटलं तर एक राज्य मोठं आणि एक लहान ठरतं. 'भरपाई' म्हटलं तर दोन्ही राज्यं सारखी ठरतात. निवाड्यात म्हटलं होतं की दोन वारशांमधली तफावत भरून काढण्यासाठी ही रक्कम आहे. आपल्याकडेही असं उदाहरण आहे. १ मे १९६० ला मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं झाली. मुंबई शहराचं मोठं उत्पन्न महाराष्ट्राकडे राहिलं, म्हणून गुजरातला काही वर्षं पैसे द्यायचं ठरलं. ती एकाच देशातली वाटणी होती, पण हिशोबाचा विचार तोच.

१० मार्च १८६२ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून जाहीर केलं की, मस्कत आणि झांझिबार या दोन्ही राज्यांचं स्वातंत्र्य आम्ही मान्य करतो. एका राज्याच्या आता अधिकृतपणे दोन चुली झाल्या.

पुढे काय झालं?

कागदावर रेघ मारून झाली. आता परिणाम बघू. तीन प्रकारचे परिणाम झाले.

*१. पैशांचे.* १८६६ साली थुवैनी यांचा खून झाला. खून त्यांच्याच मुलाने, सालिमने केल्याचं मानलं जातं. बापाला मारणाऱ्याला मी पैसे देणार नाही, अशी भूमिका माजिद यांनी घेतली. मस्कतमध्ये पाच वर्षांत गादीवर एकामागून एक माणसं बदलली. १८७१ साली सय्यद सईद यांचे आणखी एक पुत्र, तुर्की, सत्तेवर आले. तिजोरी रिकामी होती. १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर मस्कतला आले. गुलामांची ने-आण बंद करण्याच्या करारावर तुर्की यांनी सही केली. त्याच वर्षी झांझिबारचा गुलामांचा बाजारही बंद झाला. आणि त्याच सुमारास ते ४०,००० थेलर भारत सरकार द्यायला लागलं. रुपयांत ही रक्कम वर्षाला ८६,४०० होती.

जरा थांबून विचार करा. दोन भावांच्या वाटणीचे पैसे शेवटी भारताच्या तिजोरीतून गेले. म्हणजे त्यात आपल्याकडच्या शेतकऱ्याने भरलेला साराही होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि जो पैसे देतो त्याचं ऐकावं लागतं. मस्कतवर ब्रिटिशांचं वजन वाढत गेलं.

*२. ताकदीचे.* मस्कतचं मोठं उत्पन्न गेलं. त्याच काळात आगबोटी आल्या आणि १८६९ साली सुएझ कालवा उघडला. शिडाच्या जहाजांचा धंदा घसरला. म्हणजे मस्कतच्या अडचणीला फक्त वाटणी जबाबदार नव्हती, पण वाटणीमुळे ती सोसायची ताकद कमी झाली. झांझिबार श्रीमंत होतं, तरी एकटं पडलं. १८८५ पासून जर्मनीने समोरच्या किनाऱ्यावर हात-पाय पसरले. १८९० साली झांझिबार ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेलं. संरक्षण हे नाव, कारभार त्यांचाच. ब्रिटिशांच्या मर्जीबाहेर एक जण गादीवर बसला, तेव्हा २७ ऑगस्ट १८९६ ला त्यांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. ती लढाई एक तासही चालली नाही. जगातलं सगळ्यात छोटं युद्ध म्हणून ती ओळखली जाते.

लोण्याचा गोळा वाटून घेणारी दोन मांजरं आणि तराजू धरणारं माकड, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ती इथे आठवते. पण पूर्ण लागू होत नाही, हेही सांगायला हवं. निवाड्यामुळे भावाभावांतली लढाई खरोखर टळली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

*३. माणसांचे.* हा परिणाम सगळ्यात जास्त काळ टिकला, आणि यात आपलं सूर आहे. सूरच्या नाखव्यांचे नातेवाईक, घरं, धंदा दोन्ही किनाऱ्यांवर. आता समुद्रावर ब्रिटिशांची जहाजं त्यांची झडती घेऊ लागली. काही नाखव्यांनी फ्रेंचांकडून कागद मिळवले आणि आपल्या जहाजावर फ्रान्सचा झेंडा लावला. फ्रेंच झेंड्याच्या जहाजाची झडती ब्रिटिशांना घेता येत नसे. काही जण या झेंड्याआड गुलामांची वाहतूकही करायचे, हा ब्रिटिशांचा आक्षेप होता. मस्कतच्या सुलतानांचा प्रश्न वेगळा होता : माणसं सूरची, जहाज सूरचं, मग झेंडा दुसऱ्याचा कसा?

हा वाद थेट नेदरलँड्समधल्या द हेग शहरात, आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. ८ ऑगस्ट १९०५ रोजी निकाल लागला. मस्कतच्या प्रजेला फ्रान्सने मनाला येईल तसा झेंडा देऊ नये, असा त्याचा सारांश. २ जानेवारी १८९२ च्या आधी ज्यांना झेंडा मिळाला होता, त्यांच्यासाठी वेगळे नियम ठरले. या खटल्यात १८६२ च्या त्या जाहीरनाम्याचाही आधार घेतला गेला. म्हणजे वाटणी झाल्यावर चाळीस वर्षांनीही सूरचा नाखवा नक्की कुणाचा, हे ठरवायला परक्या देशातले न्यायाधीश बसले होते.

पुढे १० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार स्वतंत्र झालं. महिन्याभरातच, १२ जानेवारी १९६४ ला, तिथे क्रांती झाली. अनेक अरब आणि भारतीय माणसं मारली गेली, हजारो लोक घर सोडून पळाले. एप्रिलमध्ये झांझिबार शेजारच्या टांगानिकाशी जोडलं गेलं आणि टांझानिया हा देश तयार झाला. म्हणजे झांझिबार एका संघातून निघालं आणि शंभर वर्षांनी दुसऱ्या संघात गेलं. १९७० साली सुलतान काबूस सत्तेवर आल्यावर झांझिबारच्या अनेक ओमानी कुटुंबांना इकडे परत येता आलं. ओमानात आजही काही घरांत स्वाहिली बोलली जाते, ती यामुळे. राज्य फुटून दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली, तरी भाषा अजून दोन्ही काठांना आहे.

आता ब्रेक्झिटकडे

ब्रिटन १९७३ साली युरोपच्या संघटनेत सामील झाला होता. बाहेर पडावं असं वाटणाऱ्यांची कारणं बघा : आमचे कायदे आम्हीच करू, संघाला आम्ही फार पैसे देतो, दुसऱ्या देशांतून किती लोक येणार हे आम्ही ठरवू. २३ जून २०१६ ला मतदान झालं. ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर' म्हटलं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला, आणि जुने नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू राहिले.

इथे एक मोठा फरक आहे. झांझिबारच्या वाटणीत लोकांना कुणी विचारलं नव्हतं. लवंग तोडणाऱ्यांना तर नाहीच. ब्रिटनमध्ये प्रत्येक मतदाराला विचारलं गेलं. शिवाय युरोपीय संघ कराराने बांधलेला आहे, आणि त्या करारात बाहेर पडायची रीत लिहिलेली आहे. तिला 'कलम ५०' म्हणतात. वारसाचा नियम स्पष्ट नसल्याने मस्कतचं आरमार निघालं होतं. इथे नियम लिहिलेला होता, म्हणून भांडण टेबलावर झालं.

तरीही प्रश्न तेच तीन निघाले. पैसे : आधी कबूल केलेल्या खर्चाचा आपला वाटा ब्रिटनने द्यायचा होता. २०१८ च्या सुमारास त्याचा सरकारी अंदाज ३५ ते ३९ अब्ज पाउंड होता. माणसं : ब्रिटनमध्ये राहणारे लाखो युरोपीय आणि युरोपात राहणारे ब्रिटिश, यांना राहण्याचा हक्क नव्याने कागदावर मिळवावा लागला. सीमा : उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, आयर्लंड युरोपीय संघात. दोघांमध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा. तिथे पुन्हा चौक्या आल्या तर १९९८ च्या करारानंतर आलेली शांतता धोक्यात येईल, ही भीती होती. म्हणून काही तपासणी समुद्रात, म्हणजे बंदरांवर, करायचं ठरलं. त्यावर पुढची कित्येक वर्षं वाद चालला.

मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. एका कंपनीच्या दोन कंपन्या झाल्या की दारावरची पाटी एका दिवसात बदलते. पण दोघींचे पगार, ग्राहकांची नावं, जुनी बिलं एकाच सर्व्हरवर असतात. ती वेगळी करायला महिनेच्या महिने जातात, आणि ते काम करणाऱ्यांना पाटी बदलायचा निर्णय घेताना कुणी विचारलेलं नसतं. देशांचंही असंच होतं.

आणि आजचा ओमान?

२५ मे १९८१ रोजी ओमान, सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन, कतार आणि संयुक्त अरब अमिराती या सहा देशांनी आखाती सहकार्य परिषद स्थापन केली. म्हणूनच या देशांचे नागरिक ओळखपत्र दाखवून एकमेकांकडे जाऊ शकतात. आपल्याला दुबईला जाताना व्हिसा लागतो.

पुढे दोन सूचना आल्या. एक, सगळ्यांचं चलन एकच असावं. ओमान त्यातून लवकरच बाजूला झाला. २००९ साली अमिरातीनेही माघार घेतली. म्हणून आपल्या हातात आजही रियाल आणि बैसा आहेत. दुसरी सूचना २०११ साली सौदी राजे अब्दुल्ला यांनी मांडली : परिषद पुरे, आता संघ करू. डिसेंबर २०१३ मध्ये ओमानचे परराष्ट्रमंत्री युसुफ बिन अलावी यांनी मनामा इथे सर्वांसमोर सांगितलं की, आमचा संघाला विरोध आहे; तुम्ही केलात तर अडवणार नाही, पण आम्ही त्यात नसू. इराण हा ओमानचा समुद्रापलीकडचा शेजारी आहे आणि ओमानला सगळ्यांशीच बोलणं चालू ठेवायचं असतं. परिषदेत ओमान राहिला, संघात मात्र गेला नाही.

बाहेर पडण्याची किंमत मोठी असते. म्हणून आत शिरतानाच विचार करणं, हाही एक शहाणपणाचा मार्ग असतो.

मग बाहेर पडणं चूक की बरोबर?

याचं एकच उत्तर नाही. आपल्या माणसांवर दूरचा कुणीतरी राज्य करतो, असं वाटलं तर वेगळं व्हावंसं वाटणं साहजिक आहे. भारतही ब्रिटिश साम्राज्यातून बाहेर पडला, म्हणून आपण स्वतंत्र आहोत. पण बाहेर पडण्याची बातमी वाचली की तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हिशोब कसा होणार? दोन्हीकडे नाती असलेल्या माणसांचं काय होणार? आणि हे ठरवताना कुणाला विचारलं, कुणाला नाही? चूल एका दिवसात वेगळी करता येते. हे तीन प्रश्न मात्र नातवंडांपर्यंत पुरतात.

नवे शब्द

* चूल वेगळी होणे : एकत्र घरातून वेगळं होणं, स्वतंत्र संसार करणं
* निवाडा : वादावर दिलेला निर्णय
* लवाद : दोन बाजूंचा वाद सोडवण्यासाठी नेमलेली तिसरी व्यक्ती किंवा मंडळ
* खंडणी : दुबळ्या राज्याने बलवान राज्याला सक्तीने द्यायची रक्कम
* जकात : मालाच्या ने-आणीवरचा कर
* मक्ता : ठरावीक रकमेच्या बदल्यात घेतलेला कामाचा हक्क
* नाखवा : जहाजाचा किंवा होडीचा प्रमुख
* सारा : जमिनीवरचा कर

वाचलेलं तपासा

१. सय्यद सईद यांच्यानंतर राज्य का फुटलं? चार कारणं तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'खंडणी' आणि 'भरपाई' यांत काय फरक आहे? निवाड्यात हा फरक का महत्त्वाचा होता?
३. सूरच्या नाखव्यांनी फ्रान्सचा झेंडा का लावला?
४. झांझिबारची वाटणी आणि ब्रेक्झिट यांतलं एक साम्य आणि एक फरक सांगा.

बोलूया

घरी चर्चा करा : ४०,००० थेलर देणं थांबवलं, यात माजिद यांचं बरोबर होतं का? एकाने माजिद व्हा, दुसऱ्याने थुवैनी. आई किंवा बाबांना लवाद करा. निवाडा पाच वाक्यांत लिहून पुढच्या तासाला आणा.